घाई चुकते ती जागा

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या छातीत रात्री दीडला भरून आलं. दरदरून घाम सुटला. गॅस झाला असेल म्हणून ओव्याची फक्की झाली, जिरं घालून सोडा झाला, पाठीला बाम चोळला आणि उजाडायची वाट पाहिली. साडेसातला दवाखान्यात पोहोचेपर्यंत हृदयाच्या स्नायूचा बराच भाग गेला होता. त्यांच्या मेव्हण्यांचं नेमकं उलट. वर्षभर एकाच चढावर त्यांची छाती दाटायची, थांबलं की मोकळी व्हायची. अँजिओग्राफीत ‘७५ टक्के ब्लॉकेज’ निघालं आणि त्याच दुपारी, टेबलावरून उठायच्या आत, स्टेंटच्या, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या, कागदावर सही झाली. या आजारात आपली घाई बहुतेक वेळा अशी चुकीच्या जागी होते.

नळीत नव्हे, भिंतीत

हृदय रक्तानं भरलेलं असलं तरी त्याच्या जाड स्नायूला आतलं रक्त पुरत नाही. त्याच्यासाठी महाधमनीच्या अगदी मुळाशी दोन करोनरी धमन्या निघतात. डावीला लगेच दोन मोठे फाटे फुटतात, म्हणून डॉक्टर ‘तीन नळ्या’ म्हणतात. सुरुवातीला त्यांची रुंदी जेमतेम तीन-चार मिलिमीटर, शहाळ्यातल्या स्ट्रॉपेक्षाही कमी.

नळाच्या पाइपात क्षार साचतो तसं काहीतरी आपल्या डोळ्यांपुढे येतं. खरा प्रकार वेगळा आहे. एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण धमनीच्या अस्तराखाली, म्हणजे भिंतीच्या आत शिरतात. त्यांना गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी तिथंच अडकतात, सूज येते आणि चरबीचा मऊ गोळा तयार होतो. त्यावर एक पातळ पापुद्रा असतो. ही सुरुवात अनेकदा विशीतच झालेली असते. पापुद्रा फाटला की रक्ताला ती जखम वाटते, तिथं गुठळी धरते आणि काही मिनिटांत धमनी बंद पडते. हाच हार्ट अॅटॅक.

म्हणून ‘किती टक्के’ या एका आकड्यावर सगळं ठरत नाही. ८० टक्क्यांचा जुना, कडक झालेला अडथळा वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो आणि ४० टक्क्यांचा मऊ गोळा आज रात्री फुटू शकतो. मागच्या महिन्यात ट्रेडमिलची टेस्ट चांगली आली आणि या महिन्यात अॅटॅक आला, असं ऐकलं की लोक डॉक्टरला बोल लावतात. ती टेस्ट रक्तपुरवठा अडतो का ते सांगते, पापुद्रा किती पातळ आहे ते नाही.

घाई इथं

जिना चढताना किंवा जेवून चालताना छाती दाटते आणि उभं राहिलं की पाचेक मिनिटांत सुटते, हा स्थिर अंजायना. डॉक्टरांना दाखवायलाच हवा, पण त्यासाठी काही दिवस हाताशी असतात. बसल्या जागी आलेली, पंधरा-वीस मिनिटं न थांबणारी, जबड्यात, डाव्या हातात किंवा पाठीत जाणारी कळ मात्र वेगळी. मधुमेही, वयस्क आणि बायकांमध्ये कधीकधी कळ नसतेच. नुसती धाप, मळमळ, घाम किंवा कधी नव्हे असा थकवा येतो. बाई अशा वेळी भाकऱ्या उरकून मग आडवी होते, हे घरोघरी पाहिलेलं आहे.

अशी लक्षणं दिसली की अॅम्ब्युलन्ससाठी १०८ ला फोन करावा. स्कूटरवर मागे बसवून नेऊ नये. अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर फोनवर किंवा समोर असलेल्या डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन चावून खायला देतात. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी सरसकट देऊ नये. तिनं रक्तदाब एकदम उतरतो, आणि लैंगिक क्षमतेसाठीची गोळी नुकतीच घेतलेली असेल तर तो जिवावरचा खेळ होतो. दवाखान्यात पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, म्हणून तो पुन्हा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन काही तासांच्या अंतरानं तपासतात.

धमनी पूर्ण बंद असेल तर तातडीची अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्यानं धमनी उघडणं, सर्वांत चांगली, पोहोचल्यापासून साधारण ९० मिनिटांच्या आत. तालुक्याच्या गावी त्यासाठी लागणारी कॅथलॅब बहुधा नसते. तिथं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लगेच देऊन मग पुढं हलवणं, हे अॅम्ब्युलन्समध्ये तीन तास घालवण्यापेक्षा शहाणपणाचं. या इंजेक्शनचा गुण पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक येतो, बारा तासांनंतर फारसा उरत नाही.

घाई इथं नको

अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झुरिकला जागत्या माणसाच्या करोनरी धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. अॅटॅकमध्ये या उपचारानं असंख्य जीव वाचले. तोच उपाय स्थिर अंजायनातही आयुष्य वाढवेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. २००७ चा ‘करेज’ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला, पाच हजारांहून जास्त रुग्णांचा ‘इस्किमिया’ या अभ्यासांत तसं दिसलं नाही. चांगल्या औषधांच्या जोडीला स्टेंट टाकला म्हणून मृत्यू कमी झाले नाहीत. छातीत दुखणं मात्र कमी झालं, आणि ज्याला दहा पावलं चालवत नाही त्याच्यासाठी ती मोठीच गोष्ट आहे.

डाव्या धमनीच्या मुख्य खोडातच अडथळा असेल, हृदयाचं पंपिंग उतरलं असेल किंवा दुखणं दिवसेंदिवस वाढत असेल तर हिशेब बदलतो. मधुमेह्याच्या तिन्ही नळ्या खराब असतील तर बहुधा बायपास सरस ठरते. एरवी ‘आजच नाही केलं तर काय होईल?’ असं विचारून, अँजिओग्राफीची सीडी घेऊन घरी यायला हरकत नसते. पैशाचा प्रश्नही असतोच. २०१७ मध्ये केंद्रानं औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली, पण बिल स्टेंटपाशी थांबत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपण बसतो का, हे दाखल होतानाच विचारावं.

आपल्याकडं लवकर का

५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अॅटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरांहून पाच-सहा वर्षं आधी. कारणं ओळखीचीच निघाली, फक्त ती आपल्याला लवकर गाठतात: बिघडलेलं कोलेस्टेरॉल, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, पोट. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० पार गेली की धोका वाढतो, वजनकाटा काहीही म्हणो. ‘मी सिगारेट ओढत नाही’ असं सांगणाऱ्या आजीच्या कनवटीला मिश्रीची डबी असते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. पण डॉक्टर विचारतात विडी-सिगारेटचं, आणि ती डबी केसपेपरवर येतच नाही.

स्टेंटनंतरची गोळी

स्टेंट एका जागेची डागडुजी करतो. उरलेल्या सगळ्या भिंती औषधांच्याच भरवशावर असतात. त्यातलं मुख्य स्टॅटिन. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरशा तपासून पहिलं स्टॅटिन शोधलं, तेही हिरवट-निळ्या बुरशीत. स्टॅटिननं एलडीएल उतरतं आणि तो पातळ पापुद्रा जाड, पक्का होतो. आजार ठरलेल्या माणसाचं एलडीएल ७० च्या खाली हवं, हल्ली अनेकदा ५५ च्याही. रिपोर्टवर मात्र लॅब ‘१०० पर्यंत नॉर्मल’ छापते. ते वाचून, किंवा आकडा ६० आला म्हणून, गोळी बंद करणारे पुष्कळ भेटतात.

अॅस्पिरिन बहुतेकांना कायमची असते. जोडीला गुठळी रोखणारी क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, अॅटॅकनंतर साधारण वर्षभर. या काळात दाढ काढायची वेळ आली की डेंटिस्ट म्हणतात, ‘रक्त पातळ करायची गोळी चार दिवस बंद करा.’ तिथंच खुर्चीत बसून हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावावा. बहुतेक वेळा गोळी चालू ठेवून दाढ काढता येते, हिरडीतलं रक्त जरा उशिरा थांबतं इतकंच. उलट गोळी थांबवल्यानं नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर तो थेट अॅटॅकच असतो.