उपाशी कुत्र्याला आधी भाकरी का नको?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. वाड्या, तांडे निम्मे रिकामे होतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि कुत्री. रोज संध्याकाळी मिळणारा तुकडा बंद झाला की काही कुत्र्यांच्या बरगड्या मोजता येऊ लागतात, केस झडतात, लूत लागते. असं एखादं कुत्रं कुणी उचलून ओसरीवर आणलं की घरातलं माणूस पहिली धाव घेतं ती भाकरीच्या टोपल्याकडे. दुधात भाकरी कुस्करून पुढ्यात ठेवायची, यात माया आहेच. पण नेमकी तीच भाकरी त्याच्या जिवावर उठू शकते.

नवल असं, की एरवी भाकरी पचवण्यात कुत्र्याचा हात धरणारा त्याच्या कुळात कुणी नाही. २०१३ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती सापडल्या, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. शेतकऱ्याच्या उंबऱ्यावर हजारो वर्षं काढल्याची ही खूण. मग उपाशी कुत्र्याला तीच भाकरी का बाधावी?

उपासमारीत शरीर साखरेवर चालणं सोडतं. आधी चरबी, मग स्वतःचे स्नायू जाळतं. इन्शुलिन पार खाली जातं. पेशींमधलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झिजत राहतं, पण पेशी आपला साठा रक्तात सोडत असल्यामुळे रक्ताच्या तपासणीत आकडे बरे दिसतात. अशा वेळी पोटभर भाकरी गेली की तिची साखर होते, इन्शुलिन एकदम उसळतं आणि पेशी रक्तात उरलंसुरलं फॉस्फेट ओढून घेतात. मग तांबड्या पेशी फुटतात, श्वासाचे स्नायू ढिले पडतात, हृदयाचा ताल बिघडतो. पहिल्या दिवशी शेपटी हलवत जेवलेलं कुत्रं दोन-चार दिवसांनी कोसळतं आणि लोक म्हणतात, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. माणसांच्या बाबतीतही हे घडलंय. १९४५ साली छळछावण्यांतून सुटलेल्या कैद्यांना सैनिकांनी कळवळून खाऊ घातलं आणि त्यांतले काही जेवणानंतरच दगावले.

म्हणून सुरुवात तोलून-मापून करायची. दहा किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही दिवसाला साधारण ४०० किलोकॅलरी लागतात. पहिल्या दिवशी द्यायच्या त्याच्या पाव, म्हणजे शंभरेक. एक उकडलेलं अंडं आणि दोन बोटं शिजवलेलं चिकन, तेही चार-पाच वेळा विभागून. बस्स! तो आणखी मागेल, डोळ्यांत बघेल. तरीही नाही. पाणी मात्र सतत हवं. पुढचे काही दिवस थोडं थोडं वाढवत न्यायचं; भाकरीची पाळी त्यानंतर. उरलेलं कालवण तर कधीच ओतू नये, कारण कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

हे चालू असताना रोज त्याचा ओठ वर करून हिरडी बघावी. बोटानं दाबली की पांढरी पडते. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली तर ठीक. मुळातच पांढुरकी असेल तर गोचीड ताप आहे का, ते डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

लुतीवर आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे जळकं ऑईल. तो ताबडतोब सोडून द्यावा. कुत्रं अंग चाटतं आणि ते विष पोटात जातं. लूत होते ती कातडीत बोगदे खणून अंडी घालणाऱ्या, अर्ध्या मिलिमीटरहून लहान किड्यांमुळे. त्यांच्यावर चालणारं आयव्हरमेक्टिन ज्या जिवाणूपासून मिळालं, तो सातोशी ओमुरा यांना जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत सापडला होता! त्यासाठी त्यांना आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. हे औषध किड्यांना मारतं, अंड्यांना नाही. म्हणून दोनेक आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं. मात्रा वजनावर ठरते आणि कोली जातीच्या काही कुत्र्यांना ते घातक असतं, त्यामुळे हे काम डॉक्टरांचंच.

केस सगळ्यात शेवटी येतात. धडधाकट कुत्र्याच्या खाण्यातल्या प्रथिनांचा पाव हिस्सा, कधी जास्तच, कातडी आणि केसांवर खर्च होतो. संकटात शरीर हा खर्च आधी छाटतं आणि सुस्थिती आल्यावर शेवटी सुरू करतं. म्हणून महिनाभर कुत्रं टकलंच दिसलं तरी धीर सोडू नये. आत काम चालू असतं.

बीडच्या शिरूर कासार तालुक्यात दहिवंडीला गाई सांभाळणाऱ्या शब्बीरमामू सय्यद यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. त्याच तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे 'सर्पराज्ञी' केंद्रात जखमी वन्यप्राणी बरे करतात. दुष्काळी म्हणून हिणवलेल्या तालुक्याचं हे वैभव मला फार मोलाचं वाटतं. गावातल्या कुत्र्याच्या वाट्याला मात्र बहुधा कुणाची तरी ओसरीच येते.

ती तुमची असेल तर पहिला फोन पशुवैद्यकाला करा. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्यांसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. कुत्रं चावलंच तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठा. आणि भाकरी? आठ-दहा दिवसांनी, डॉक्टर हो म्हणाले की, खुशाल कुस्करा.