एपीआयची सामायिक वही

एकदा नोएडाहून मेट्रोने येताना माझा फोन सारखा वाजत होता. आमचं छोटं ॲप सकाळपासून बंद पडलं होतं. चूक आमच्या कोडमध्ये नव्हती. ज्या सेवेकडून आम्ही माहिती घ्यायचो, तिने रातोरात एका रकान्याचं नाव बदललं होतं. कुठे लिहिलेलंच नाही, तर कळणार कसं?

एपीआय म्हणजे दोन प्रोग्रॅममधला व्यवहार. काय मागायचं, उत्तर कोणत्या रूपात येणार, हे संगणकालाही वाचता येईल असं लिहिलं की झालं स्पेसिफिकेशन. ते लिहिण्याची ‘स्वॅगर’ ही पद्धत २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली आणि पुढे ‘ओपनएपीआय’ झाली.

अशा स्पेसिफिकेशनची खुली डिरेक्टरी म्हणजे ‘एपीआयज डॉट गुरू’. ती गिटहबवर आहे. कुणीही भर घालावी, दुरुस्ती पाठवावी. प्रत्येक बदलाची नोंद राहते, त्यामुळे जुनं-नवं शेजारी ठेवलं की फरक दिसतो.

इथे दिल्लीत केंद्र सरकारनेही २०१५ मध्येच खुल्या एपीआयचं धोरण आणलं. पुढे ‘एपीआय सेतू’ आला. तो सरकार चालवतं. ही डिरेक्टरी लोक सांभाळतात.

म्हणूनच एक पथ्य पाळा. डिरेक्टरीतली नोंद शिळी असू शकते. वापरण्याआधी मूळ सेवेशी ताडून बघा. तफावत दिसली तर गप्प बसू नका, दुरुस्ती पाठवा. दुसऱ्या कुणाची तरी सकाळ वाचेल.