राजीनामा लिहिण्यापूर्वी रक्तदाब मोजा

"डॉक्टरसाहेब, गोळ्या नंतर द्या. आधी एक सांगा, नोकरी सोडू का?"

कुंभिवलीतला हा पेशंट माझ्याकडे गेली अनेक वर्षे येतो. वय ४२. खोपोलीजवळच्या एका कारखान्यात तो १६ वर्षे फिटर आहे. तक्रारी नेहमीच्याच होत्या : छातीत जळजळ, डोके जड, झोप नाही, घरात उगाच चिडचिड. खिशात मात्र राजीनाम्याचा कागद होता. त्याला गावाजवळच शेड टाकून गेट, ग्रिल, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड बनवायचे होते. कर्जत-खालापूरकडे फार्महाऊस वाढल्याने असे काम मिळते, हे खरेच आहे.

मी रक्तदाब मोजला, तो १५६/९८ निघाला. म्हटले, "कागद आठ आठवडे कपाटात ठेवा. मग बोलू."

वाचकहो, नोकरी सोडावी की नाही हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरला नाही. पण हा निर्णय घेणारा मेंदू झोपलेला आहे की जागरणाने शिणलेला आहे, हे पाहणे आमचेच काम आहे. अपुऱ्या झोपेत माणसाला बारीकसा अपमान डोंगराएवढा वाटतो आणि धोका मात्र राईएवढा दिसतो. राजीनामा लिहायला याहून वाईट वेळ नाही.

दुखणे नोकरीचे की शरीराचे?

आपल्या शरीरात एक घड्याळ असते. रात्री झोप, दिवसा काम आणि ठराविक वेळी भूक, असे ते चालते. दर आठवड्याला पाळी बदलली की ते घड्याळ गोंधळते. त्यातून आम्लपित्त, वाढता रक्तदाब, वाढती साखर आणि उदासपणा येऊ शकतो. म्हणजे नोकरीमुळे माणूस आजारी पडतो, हे अगदी शक्य आहे.

पण उलटही घडते. थायरॉईडचा विकार, रक्तक्षय, मधुमेह, घोरण्यातून होणारी अपुरी झोप किंवा नैराश्य यांतही माणसाला कामाचा कंटाळा येतो आणि तो सारा दोष साहेबाला देतो. अशा माणसाने नोकरी सोडली, तरी दुखणे त्याच्याबरोबर नव्या शेडमध्ये जाते.

यासाठी साधा उपाय आहे. एका वहीत दोन आठवडे रोज तीन गोष्टी लिहा : झोप किती तास झाली, त्रास किती झाला आणि पाळी कोणती होती. सुट्टीच्या दिवशी त्रास उतरत असेल, तर संशय कामावर घ्या. सुट्टीतही तो तसाच राहत असेल, तर आधी तपासण्या करा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड एवढ्यांपासून सुरुवात पुरे. सलग दोन आठवडे मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते लपवू नका. १४४१६ या सरकारी 'टेली-मानस' क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे या.

पगाराच्या पाकिटात न दिसणारे पैसे

आमच्या पेशंटने हिशेब मांडला होता : पगार एकोणीस हजार, शेडमध्ये सुटतील तीस हजार. मी विचारले, "आईचे इन्सुलिन कुठून येते?" तो गप्प झाला. ते ईएसआयच्या दवाखान्यातून येत होते. वहीत त्याचा रकानाच नव्हता.

कामगार राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने सुरू झाली. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला ती लागू होते. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला उपचार मिळतात. आजारपणात कामगाराला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सुमारे ७० टक्के रक्कमही मिळते. नोकरी सुटल्यावर भरलेल्या वर्गणीनुसार हा हक्क काही काळ राहतो, कायमचा नाही. तो कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे ईएसआय कार्यालयात विचारून घ्यावे.

खासगी आरोग्य विम्यात आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी आणि फॉर्मवर रक्तदाब-मधुमेह लपवू नये. आता महात्मा फुले जन आरोग्य योजनेत राज्यातील कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, हा मोठा आधार आहे. पण ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठराविक उपचारांसाठी आहे. दरमहाची औषधे त्यात येत नाहीत. रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रात जरूर चौकशी करावी.

आणखी दोन तारखा पाहा. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी सलग ५ वर्षे नोकरी लागते आणि भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनसाठी १० वर्षे. चार-सहा महिन्यांसाठी हे हक्क घालवू नका.

स्वतःचा मालक, स्वतःचाच नोकर

हे मी अनुभवाने सांगतो. तिशीत मी आरोग्य केंद्रातली नोकरी सोडून दवाखाना थाटला. पहिल्याच पावसाळ्यात मला कावीळ झाली आणि पाच आठवडे दवाखान्याला कुलूप लागले. नोकरीत आजारपणाची रजा मिळाली असती. इथे जागेचे भाडे चालू आणि मिळकत शून्य. पत्नीने शिकवण्या घेऊन घर चालवले. लोकांना पाणी उकळून प्या असे सांगणाऱ्या डॉक्टरने स्वतःच्या आजारपणासाठी एक रुपया बाजूला ठेवला नव्हता!

धंद्यात दुसरा धोका म्हणजे कामाचे तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आढळला. स्वतःच्या धंद्यात घरी जायचा भोंगा वाजत नाही. तो आपणच वाजवायचा असतो. तसेच वेल्डिंगची काच, हातमोजे, कानात घालायचे बोळे कारखान्यात कंपनी देते. शेडमध्ये ते स्वतः विकत आणून रोज वापरायला हवेत.

किर्लोस्करांचा धडा

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकत होते. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसत, म्हणून त्यांनी चित्रकला सोडली आणि यांत्रिक रेखाटनाची वाट धरली. पुढे ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढती डावलली गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण नोकरीत असतानाच ते सायकली खरेदी करून बेळगावला पाठवत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत, हे आपण विसरतो. अपमान झाला तेव्हा पायाखाली जमीन तयार होती. १९१० मधली किर्लोस्करवाडी ही फार नंतरची गोष्ट.

कागद कपाटातून काढण्यापूर्वी

१. आठ आठवडे उपचार, नियमित झोप. तंबाखू आणि दारू बंद.
२. घरातल्या प्रत्येकाच्या औषधांचा महिन्याचा खर्च लिहून काढा.
३. निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि आजारपणाची वेगळी रक्कम बाजूला ठेवा.
४. आरोग्य विमा आधी, राजीनामा नंतर.
५. पती-पत्नीने हा हिशेब एकत्र बसून करावा.

आमच्या पेशंटचे पुढे काय झाले? आठ आठवड्यांनी रक्तदाब १३२/८४ वर आला. तंबाखू सुटली, झोप लागू लागली. साहेबावरचा राग निम्मा ओसरला, पण शेडची ओढ तशीच राहिली. तेव्हा मी म्हणालो, "पूर्ण झोप झाल्यावरही जी इच्छा टिकते, ती खरी. आता हिशेबाला लागा." त्यानंतर त्याने दहा महिने पैसे साठवले, विमा उतरवला, आईच्या इन्सुलिनची सोय लावली आणि मगच राजीनामा दिला. गेल्या दसऱ्याला शेडची पूजा झाली.

पेढे घेऊन आला, तेव्हा मी आधी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. रक्तदाबाची गोळी मात्र चालूच आहे. नोकरी सोडता येते. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये.