श्रवणाचे नवे साधन

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीच्या फेरीबोटीची वाट पाहत, कानात इयरफोन घालून बसलेली माणसे आपण पाहतोच. त्यातला एखादा पॉडकास्टवर ज्ञानेश्वरीचे निरूपण ऐकत असतो. पॉडकास्ट म्हणजे साठवून ठेवलेले बोलणे. एकदा मोबाइलमध्ये उतरवून घेतले, की खाडीत रेंज गेली तरी ऐकता येते.

नवविधा भक्तीत श्रवण पहिले. पण समर्थांनी दासबोधात त्याला मननाची जोड दिली आहे, आणि तिथेच आपले घोडे अडते. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर माडगूळकर-फडक्यांचे गीतरामायण सुरू झाले. ५६ गीते, आठवड्याला एक. मधले दिवस तेच गीत मनात घोळे. आता एक भाग संपतो न संपतो तोच दुसरा आपोआप लागतो. म्हणून थांबवायचे ते आपणच.

मागे नेऊन ऐकण्याची सोय मात्र कीर्तनात नव्हती. बुवांना कोण अडवणार!

गुरुजींनी एवढे करून पाहावे. संध्याकाळी चारचौघांत मोबाइल मधोमध ठेवून दहा मिनिटे निरूपण लावावे. मग बंद करून कोणाला काय कळले, काय नाही, ते विचारावे. ओवी अडली तर पुन्हा लावावी. पुढचा भाग पुढच्या आठवड्याला.