ई-माउंटन बाइक घेण्याआधी

डांबरी रस्त्यावर दोन चकरा मारून ई-माउंटन बाइकची पारख होत नाही. खडीचा चढ आणि मातीची पायवाट हवीच. चढावर खरी परीक्षा सेन्सरची. टॉर्क सेन्सर पायाचा जोर ओळखून त्या प्रमाणात मदत देतो. पेडल फिरतंय एवढंच कळणारा सेन्सर बरेचदा एकदम झटका देतो आणि सुट्या खडीवर मागचं चाक जागीच गरगरतं. मोटर क्रँकपाशी असेल तर तिचा जोर साखळीवर येतो, म्हणून चढ लागण्याआधीच हलका गिअर टाका. उतारावर वीस-पंचवीस किलोंचं वजन जाणवतं. डिस्क ब्रेक एका बोटानं दाबूनही सायकल आवरते का, ते बघा. शेवटी मोटर बंद करून थोडं अंतर चालवाच. बॅटरी आडरानात संपली तर ती अशीच चालवत आणावी लागेल.