बोर्डचं भोक काळं का पडतं?

तुमच्या रूमवरचा एक्स्टेन्शन बोर्ड एकदा उचलून नीट बघा. ज्या सॉकेटमध्ये रोज सकाळी पाणी तापवायचा रॉड लागतो, त्याच्या भोकाभोवती तपकिरी डाग दिसतोय? प्लास्टिक जरासं वितळल्यासारखं वाटतंय? 'चालतोय ना, मग राहू दे की,' असं म्हणत रूमवरच्या अनेक बॅचेस त्याच बोर्डवर वर्षं काढतात. आणि बोर्ड खरंच चालत असतो. खरी गोची हीच आहे.

ही गोची समजून घ्यायला शाळेत पाठ केलेली दोन सूत्रं पुरेशी आहेत. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, ओहममध्ये. व्होल्टेजला करंटने गुणलं की पॉवर मिळते, वॅटमध्ये. परीक्षेत दोन मार्क मिळाले आणि आपण ती विसरून गेलो. आता ती रूमवर वापरून बघू.

रॉडवर छापलेलं असतं: 230 व्होल्ट, 1500 वॅट. 1500 ला 230 ने भागा. आले साधारण 6.5 अँपिअर. हा रॉड ओढणारा करंट. आता 230 ला 6.5 ने भागा. आले सुमारे 35 ओहम. हा रॉडचा रोध. दोन भागाकार, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम.

आता बोर्ड उलटा करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. रूमवरच्या साध्या बोर्डवर बहुतेक वेळा 6 अँपिअर लिहिलेलं असतं. म्हणजे एकटा रॉडच त्याची मर्यादा ओलांडतो. त्यात रूममेटने चहासाठी 1500 वॅटची इलेक्ट्रिक केटल शेजारच्या सॉकेटला लावली, की बोर्डच्या वायरमधून 13 अँपिअर धावायला लागतात. रॉडला मुळात जाड पिनांचा 16 अँपिअरचा प्लग का असतो, याचं उत्तर इथे आहे. आणि आपण काय करतो? कन्व्हर्जन प्लग लावून तो छोट्या सॉकेटमध्ये कोंबतो.

करंट दुप्पट झाला तर वायर दुप्पट तापेल, असं वाटतं ना? नाही. वायरमध्ये तयार होणारी उष्णता चौपट होते. दोन्ही सूत्रं एकत्र केली की हे आपोआप बाहेर पडतं. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध. ते पॉवरच्या सूत्रात टाकलं की पॉवर म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. जॉर्ज ओहम यांनी आपला नियम 1827 मध्ये पुस्तकात मांडला, तेव्हा जर्मनीत त्याचं फारसं कौतुक झालं नाही. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ले पदक दिलं आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जेम्स ज्यूल यांनी हा वर्गाचा नियम प्रसिद्ध केला. तुमच्या बोर्डवरचा तो डाग म्हणजे या दोघांच्या नियमांचं प्रात्यक्षिक आहे.

पण मग डाग वायरवर न पडता भोकापाशीच का पडतो? कारण सॉकेटच्या आतली पितळेची पट्टी रोजच्या काढ-घालीने सैल होते. पिन घट्ट पकडली जात नाही आणि त्या जागी रोध वाढतो. समजा, तो फक्त अर्धा ओहम झाला. रॉडच्या 35 ओहमसमोर अर्धा ओहम म्हणजे किस झाड की पत्ती! तरी गणित करा: 6.5 गुणिले 6.5 गुणिले 0.5, म्हणजे जवळपास 21 वॅट. कॉलेजच्या लॅबमध्ये 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न वापरलंय? त्याच्या टोकावर सोल्डर पाण्यासारखं वितळतं. जवळजवळ तेवढीच उष्णता तुमच्या बोर्डच्या पोटात, प्लास्टिकच्या कुशीत, रोज पंधरा-वीस मिनिटं तयार होते. तापलेली पट्टी आणखी सैल पडते, रोध आणखी वाढतो, पट्टी आणखी तापते.

त्याच सैल सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावला तर काही होत नाही. चार्जर जेमतेम 0.2 अँपिअरपर्यंत करंट ओढतो. वर्ग करून गुणलं तर उष्णता 0.02 वॅट. म्हणून 'या सॉकेटवर चार्जर चालतो' हा सॉकेट चांगला असल्याचा पुरावा नाही.

'जास्त झालं तर एमसीबी पडेलच ना?' नाही पडणार. एमसीबी बघतो करंट. सैल पिनमुळे करंट वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला 6.5 अँपिअर दिसतात आणि तो निवांत बसतो. त्या अर्ध्या ओहमवर जेमतेम सव्वातीन व्होल्ट खर्च होतात, त्यामुळे पाणीही नेहमीसारखंच तापतं. म्हणजे बोर्ड करपतोय हे रॉडला कळत नाही आणि एमसीबीलाही कळत नाही. कळलं तर ते फक्त तुमच्या नाकाला आणि डोळ्यांना.

तेव्हा आज एवढं कराच. रूममधल्या प्रत्येक वस्तूवरचे वॅट वाचा, 230 ने भागा आणि बोर्डच्या आकड्याशी ताडून बघा. रॉड, केटल, इस्त्री, इंडक्शन ही मंडळी भिंतीतल्या 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. तापवणाऱ्या दोन वस्तू एका बोर्डवर कधीच नकोत. बोर्डची वायर गुंडाळून ठेवून वापरू नका, आत उष्णता कोंडते. रॉड वापरून झाला की आधी स्विच बंद करा, मग प्लग हाताला लागतो तो गरम आहे का बघा. गरम असेल, जळका वास येत असेल किंवा डाग पडला असेल, तर त्यावर टेप चिकटवून भागणार नाही. बोर्ड बदला. भिंतीतलं सॉकेट असेल तर रेक्टरला किंवा घरमालकाला सांगा, स्वतः उघडायला जाऊ नका.

'इतकी वर्षं काही झालं नाही,' असं घरमालक म्हणतील. त्यांच्यासमोर कागदावर 6.5 चा वर्ग करून दाखवा.