मिताहार आणि देहाची काटकसर

मिताहाराचें महत्त्व आपणांस नव्यानें सांगावयास नको. परंतु कमी खाल्ल्यानें आयुष्य वाढतें काय, आणि वाढत असल्यास त्याची किंमत देहाला कोठें मोजावी लागते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आज विशेषेंकरून दुसऱ्या प्रश्नाचा विचार करूं.

पहिल्या प्रश्नाला शास्त्रीय चालना मिळाली ती १९३५ सालीं. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत क्लाइव्ह मके यांनीं उंदरांना जीवनसत्त्वें व क्षार पुरेसे, पण उष्मांक मात्र थोडे, असा आहार दिला. त्यांतील नरांचें आयुष्य पोटभर खाणाऱ्या नरांपेक्षां पुष्कळच लांबलें. माकडांच्या बाबतींत मात्र एकमत झालें नाहीं. विस्कॉन्सिन येथील मिताहारी माकडें वार्धक्यजन्य रोगांनीं कमी मेलीं, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. मेरिलंडमधील प्रयोगांत आयुष्य वाढल्याचें आढळलें नाहीं, असें २०१२ सालीं.

आतां मनुष्यदेहाकडे वळूं. मिळकत अर्धी झालेला गृहस्थ प्रथम शिलकीला हात घालतो, मग खर्चाला कात्री लावतो, आणि तेवढ्यानेंहि भागेना म्हणजे घरांतलीं भांडीं मोडीस काढतो. देहाची शिल्लक म्हणजे मेद, कात्री म्हणजे चयापचयाचा मंदावलेला वेग, आणि भांडीं म्हणजे स्नायू. फरक इतकाच, कीं भांडीं मोडण्यासाठीं देह शिल्लक संपण्याची वाट पाहत नाहीं.

हा जमाखर्च मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज यांनीं १९४४-४५ सालीं मोजून पाहिला. महायुद्धांत उपासमार झालेल्या लोकांस पुन्हां कसें पोसावें, हें त्यांस ठरवावयाचें होतें. विवेकबुद्धीस अनुसरून सैन्यांत जाण्याचें नाकारलेले ३६ निरोगी तरुण स्वेच्छेनें पुढें आले. २४ आठवडे त्यांना रोज सुमारें १,५७० उष्मांकांचें, म्हणजे नेहमीच्या जेमतेम निम्मेंच अन्न मिळे. त्यांचें वजन सुमारें चौथाईनें घटलें आणि विश्रांतींतील चयापचयाचा वेग जवळजवळ शेंकडा ४० नें उतरला. नाडी मंद झाली. उन्हाळ्यांतहि थंडी वाजूं लागली. देह लहान झाल्यामुळें खर्च कमी होणें स्वाभाविकच. पण घट त्याहूनहि अधिक होती. पुढें अन्न वाढल्यावर मेद लवकर परतला, स्नायू मागाहून.

ती उपासमार होती, मिताहार नव्हे, असें कोणी म्हणेल. म्हणून ‘कॅलरी’ नांवाचा, २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. स्थूल नसलेल्या १४३ स्त्रीपुरुषांनीं दोन वर्षें आहार कमी केला. शेंकडा २५ कपात ठरली होती. साधली सुमारें १२. वजन सरासरी साडेसात किलोंनीं उतरलें. रक्तदाब व कोलेस्टेरॉल सुधारलें. तथापि घटलेल्या वजनाचा सुमारें शेंकडा ३० भाग मेदाचा नव्हता, आणि पाठकणा व खुबा येथील हाडांची घनताहि किंचित् कमी झाली.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्नायू घटल्यामुळेंच सर्व चयापचय मंदावतो, असें नाहीं. विश्रांतींत एक किलो स्नायूंना दिवसाला सुमारें १३ उष्मांक पुरतात. तेवढ्याच वजनाच्या यकृताला सुमारें २०० लागतात. स्नायूंची योग्यता निराळी आहे. जिना चढणें, पाय घसरला असतां तोल सांवरणें, दीर्घ आजारांत प्रथिनांचा सांठा पुरविणें, हीं कामें त्यांचीं. उतारवयांत स्नायू आपण होऊनहि झिजत असतात. त्यांत एकवेळच्या जेवणाचें व्रत घेणाऱ्या वृद्धानें चहापोळीवर दिवस काढला, तर वजनकांटा समाधान देईल, पण खुर्चींतून उठतांना हाताचा आधार लागेल.

उपाय अवघड नाहीं. सेंट लुई येथील, २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पन्नाशी उलटलेल्या माणसांचें वजन एका गटांत केवळ आहार कमी करून, दुसऱ्यांत व्यायामानें उतरविलें. पहिल्या गटाच्या मांडीचे स्नायू व बळ घटलें, दुसऱ्याचें टिकलें. तेव्हां कपात करावयाची ती साखर, तूप व तळणाची. डाळ, दूध, दहीं, अंडीं यांची नव्हे. आणि जोडीला स्नायूंना भार देणारा व्यायाम हवाच. वृद्धांनीं व रोग्यांनीं वैद्यांच्या सल्ल्यावांचून आहार घटवूं नये. आयुष्याचीं वर्षें वाढवावयाचीं, तीं स्वतःच्या पायांवर उभें राहून घालवितां आलीं पाहिजेत.